खाणीवरची पंचमी

नागपंचमी आली की त्या वर्षीची सकाळ मला सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या, एकदा गळ्याजवळ सुरा आला होता तोही विसरलेलो नाही. पण भीती म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी त्या सकाळचीच गोष्ट सांगतो. कुणाचं नाव घेणार नाही. त्यातले बरेच जण हयात आहेत, आणि ज्याला शिक्षा झाली त्यानं ती पुरी भोगली आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. आमचं घराणं बेंगळूरला कधी आलं ते घरात कुणालाच नक्की ठाऊक नाही. पिढ्या गेल्या, एवढंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वडील रंगारी होते. हात कोपरापर्यंत निळे, ते कधी धुऊन निघाले नाहीत. पेठेतल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो आणि मागच्या अंगणात रंगाची हंडी उकळायची. कापड वाळलं नाही की मजुरी नाही, मजुरी नाही की चूल नाही. पावसाळ्यात आई आम्हाला लवकर झोपवायची, कारण झोपलेलं पोर जेवायला मागत नाही. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो त्या दिवशी वडिलांकडे पेढ्यांना पैसे नव्हते. त्यांनी मलाच हाताला धरून गल्लीत घरोघर नेलं आणि प्रत्येक दारात सांगितलं, "हा बी.ए. आहे." मी मान खाली घालून उभा. आज मान ताठ ठेवून लिहितो.

नव्वदीच्या दशकात माझी बदली बेंगळूरजवळ आनेकलच्या बाजूच्या एका ग्रामीण ठाण्यात झाली. मी ठाणेदार. हाताखाली मोजकी माणसं, एक जीप, तीही ढकलल्याशिवाय सुरू होत नसे म्हणून उतारावर उभी करावी लागायची. शहरात कुठे सभा नाहीतर पाहुण्यांचा बंदोबस्त निघाला की त्यातली निम्मी माणसं तिकडे जायची. माझा उजवा हात म्हणजे दफेदार, तुमच्याकडचा हवालदार, निपाणीकडचा मराठी माणूस. त्याला माझ्या मराठीचं भारी हसू यायचं. मी म्हणायचो, "अण्णा, स्वल्प चहा सांगा की." तो म्हणायचा, "सर, तुमचं बोलणं ऐकून माझी आई इचारंल, ह्यो कुठल्या मुलखाचा जावई?"

आमच्या हद्दीत जंगलाला लागून एक दगडखाण होती. ग्रॅनाइट काढून काढून टेकडीचं पोट रिकामं झालं, मग सरकारनं ती बंद केली. उरला तो पांढरा खडक, सुकलेला ओढा आणि निलगिरीची एकसारखी झाडं, ज्यांच्याखाली गवतसुद्धा उगवत नव्हतं. जंगलातले हत्ती पूर्वी त्या ओढ्यानं पलीकडे जात, ते आता गावातून जायला लागले होते. अशा जागेवर बेंगळूरच्या जयनगर भागातल्या एक बाई आल्या. वनस्पतींचा अभ्यास केलेल्या, पन्नाशीच्या, कॅनव्हासचे बूट घालून फिरणाऱ्या. एका संस्थेतर्फे ती टेकडी पूर्वी होती तशी करून दाखवायची, हे त्यांचं काम. गाव त्यांना मॅडम म्हणायचं.

काम त्यांनी उलट्या बाजूनं सुरू केलं. झाडं लावायच्या आधी उतारावर आडवे चर खणून पाणी अडवलं, निलगिरी थोडी थोडी काढली, मग तिथलीच जुनी झाडं लावली, करंज, आवळा, उंबर, बांबू. गावातल्या बायका मजुरीला यायच्या. गुरं रोपं खातात म्हणून टेकडीभोवती काटेरी तार घातली होती. तिसऱ्या पावसाळ्यात ओढ्यात पाणी थांबायला लागलं. झुडपं वाढली. आणि झुडपांबरोबर रानडुकरं आली. ती दिवसा तारेच्या आत झोपायची आणि रात्री बाहेर येऊन गावाची नाचणी उकरायची. जागा जिवंत झाली की तिच्यात सगळेच राहायला येतात. मॅडमना हे माहीत होतं. गावाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तारेच्या आत गावाचं वारूळ होतं. पंचमीला बायका तिथे दूध घालायच्या. तार घातल्यावर ते बंद झालं आणि बायका मनातून नाराज होत्या. मजुरी घ्यायच्या, पण मॅडमशी हसून बोलायच्या नाहीत. म्हणून त्या वर्षी मॅडमनी त्यांना शब्द दिला, पंचमीला फाटक उघडीन. त्या दिवसापासून बायकांचा नूर बदलला.

पंचमीच्या दोन दिवस आधी एक गाय तार मोडून आत शिरली. मोठा आवाज झाला. आम्ही पोचलो तेव्हा गाय उभी होती. तिला खालचा जबडा नव्हता. ती ओरडतही नव्हती, ओरडायला काही उरलंच नव्हतं. नुसती माझ्याकडे बघत होती. दफेदारानं टोपी काढली आणि तोंड फिरवलं.

रानडुकरासाठी लावतात तो गावठी बॉम्ब काय असतो ते सांगतो. बारुद, गारगोटीचे तुकडे, वरून सुतळीचा घट्ट वेढा, आणि त्यावर गूळ-पिठाचा लेप. डुकरानं तो चावला की त्याचं तोंड उडतं. पाय पडला तर पाय जातो.

आणि त्याच वेळी त्याच उतारावर बायका रोपांभोवती हातांनी पालापाचोळा सारत होत्या.

मी कर्णा घेऊन ओरडलो, "आहात तिथेच थांबा! खालचं काही उचलू नका. आलात त्याच पावलांनी मागे फिरा." एक-एक बाई आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत उतरली. एक मध्येच थांबली आणि म्हणाली, "स्वामी, माझं पाऊल कुठलं ते दिसंना." तिला मॅडमनी जाऊन आणलं.

मी फाटकाला कुलूप घातलं, शहरातल्या बॉम्बशोधक पथकाला बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं, पथक पाहुण्यांच्या बंदोबस्तात आहे, मोकळं झालं की येईल.

खबर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, आणि तीही अशा माणसाकडून ज्याला आपण खबर देतोय हे ठाऊक नव्हतं. जवळच्या एका कारखान्याच्या मजूर वस्तीत चोरून डुकराचं मटण विकणारा एकजण दफेदाराच्या ओळखीचा होता. तो तक्रार करत होता, "अण्णा, माल चांगला असतो, पण मुंडकं कधीच देत नाही बघा. मुंडक्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं. विचारलं तर म्हणतो, घ्यायचं तर घे."

दफेदार माझ्याकडे आला. "सर, मुंडकं कसं देणार? ते ऱ्हातंय कुठं?"

माल देणारा माणूस खाणीवरचा जुना सुरुंगवाला होता. खाण चालू होती तेव्हा गावात त्याला मान होता. खाण बंद झाली आणि तो दुसऱ्याच्या शेतावर राखणीला लागला. दुपारी घराची झडती घेतली. पंचांसमोर चुलीमागच्या मडक्यातून बारुद निघाली, सुतळीची गुंडी निघाली. त्याला ताब्यात घेतलं.

चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला. "ते जुनं आहे, स्वामी. मी आता काही ठेवत नाही."

"मग गाय?"

"मला ठाऊक नाही."

"आत बायका काम करतात. एखादीचा पाय गेला तर?"

"कामाच्या जागी कोण ठेवील?" तो पटकन बोलून गेला. मग सावरून म्हणाला, "आत माणूस जातोच कुठे? मॅडमनी तार घातलीये."

यावरून मला दोन गोष्टी कळल्या. बॉम्ब त्यानंच ठेवले होते. आणि ते कुठे नाहीत एवढंच त्याच्या तोंडून निघणार होतं, कुठे आहेत ते नाही. जागा दाखवली की गुन्हा कबूल, आणि तुरुंग नक्की, हा त्याचा हिशोब.

एक शिपाई बाही सरसावत पुढे आला. मी त्याला बाहेर काढलं. मी फार सज्जन होतो असं नाही. पण मार खाऊन बोलणारा माणूस मार थांबावा म्हणून बोलतो. चोरीच्या मालाची जागा त्यानं खोटी सांगितली तर एक फेरी फुकट जाते. इथे खोट्या जागेचा अर्थ कुणाचा तरी पाय.

संध्याकाळी मॅडम ठाण्यात आल्या. "फाटक उघडू नका. मी शब्द दिला होता, मीच मोडते. त्या परत माझं तोंड बघणार नाहीत, पण जिवंत तर राहतील." मग हळूच म्हणाल्या, "एका बाईला जरी काही झालं ना, तर ही टेकडी मी सोडून देईन. पुन्हा कुणी इथे झाड लावायचं नावही काढू नये."

मी गावात दवंडी पिटवली. फाटकावर माझी होती ती सगळी माणसं उभी केली. दफेदार गावातून परत आला तो काळजीतच. "सर, बाया ऐकंनात. म्हणत्यात, तीन वर्सं नागाला दूध न्हाई, म्हणून गाईचं असं झालं. उद्या घालणारच."

पंचमीची सकाळ. मी ठाण्याच्या पायरीवर उभा असताना एक तरुण बाई आली. नवी साडी, हातात झाकलेला तांब्या, दुसऱ्या हातात फुलं. सुरुंगवाल्याची धाकटी बहीण. होसूरकडे दिलेली, पंचमीला माहेरी आलेली.

इकडची रीत अशी की बहीण वारुळाला दूध घालते, मग उरलेल्या दुधात फूल बुडवून भावाची पाठ पुसते आणि वारुळाची माती त्याला लावते. भावाचं आयुष्य वाढावं म्हणून. तोवर ती पाणीही पीत नाही. आमच्या घरीही बहिणी हे करायच्या, म्हणून तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"सार," ती म्हणाली, "अण्णाची पाठ पुसायला आत सोडाल? आत्ता नाही. वारुळावर जाऊन आल्यावर. उगाच उपाशी परत जायला नको म्हणून आधी विचारायला आले."

"कुठल्या वारुळावर, अक्का?"

"खाणीच्या."

"ते बंद आहे. फाटकावर पोलीस आहेत."

ती भोळेपणानं हसली. "फाटकाकडून कोण जातंय? सगळ्या ओढ्याकडून निघाल्या. तिथे गाईनं तार मोडलीये ना."

आतून कोठडीची सळई जोरात वाजली. सुरुंगवाला गजाला धरून उभा होता. तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"कुठून निघाल्या?"

"अण्णा..." बहीण दचकली.

"कुठून निघाल्या म्हणतो! ओढ्याकडून? वारुळाकडे?" मग तो माझ्याकडे वळला. त्या आवाजातला माणूस कालचा नव्हता. "स्वामी, मला न्या. वारुळाभोवतीच आहेत. डुकरं वाळवी खायला तिथेच उकरतात. तिथे आता कुणी येत नाही, म्हणून... स्वामी, मला आत्ता न्या!"

बहिणीच्या हातातला तांब्या कलला. दूध पायरीवर सांडलं. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

जीप उतारावर होती म्हणून लगेच सुरू झाली. निघण्यापूर्वी मी पथकाला पुन्हा संदेश धाडला आणि दोन पंच बरोबर घेतले. वाटेत सुरुंगवाला तोंडातल्या तोंडात पुटपुटत एकेक बोट दुमडत होता. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, "मोजतोय." खाणीत सुरुंग उडाले की आवाज मोजायची त्याची जुनी सवय. एक जरी कमी पडला तर पुढे कुणी जायचं नाही, असा त्यांचा नियम.

ओढ्यापाशी पोचलो तेव्हा बायका तार ओलांडून वर चढत होत्या. रंगीत साड्या, डोक्यावर फुलं, हातात थाळ्या. पुढची ओळ वारुळाच्या अगदी जवळ गेली होती. मी कर्णा तोंडाला लावला. सुरुंगवाल्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि खाणीतली जुनी हाळी दिली, सुरुंगाला बत्ती लावल्यावर द्यायचे ती. एकच लांब सूर. त्या गावातली प्रत्येक बाई लहानपणापासून ती हाळी ऐकत आली होती. सगळ्या जागच्या जागी गोठल्या.

"हलू नका," तो ओरडला. "मी येतोय."

त्याच्या बेड्या मी स्वतः काढल्या. पंचांना म्हटलं, चला. त्यातला एक म्हणाला, "सार, इथूनच सगळं स्वच्छ दिसतंय." मग मीच गेलो. तो अनवाणी पुढे, मी त्याच्या पावलात पाऊल ठेवत मागे. माझ्या बुटाचा तळ त्याच्या पावलापेक्षा मोठा होता, आणि प्रत्येक पावलाला बाहेर राहिलेला तो बोटभर भाग मला माझ्या जिवाएवढा वाटत होता. पळत जाणाऱ्या माणसाच्या मागे पळताना भीती कळत नाही. हळू चालताना कळते.

तो वाकायचा, दोन बोटांनी पाला बाजूला करायचा, गोळा उचलायचा आणि माझ्या हातातल्या, ओढ्याची वाळू भरून घेतलेल्या टोपलीत ठेवायचा. मी ती टोपली तान्ह्या बाळासारखी धरली होती. बायका पुतळ्यासारख्या उभ्या. कुणाच्या तरी थाळीतली घंटा किणकिणत होती, तेवढाच आवाज.

शेवटच्या जागी तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. पाला बाजूला झालेला होता. खड्डा रिकामा होता.

"एक नाही," तो म्हणाला.

"डुकरानं नेला?"

"नेला असता तर वाजला असता." तो वळला आणि एकेका बाईकडे बघू लागला. त्यांच्या पायांकडे नाही, हातांकडे. आणि मग मला दिसलं ते त्यालाही दिसलं.

सगळ्यांत पुढे एक म्हातारी अज्जी उभी होती. दृष्टी अधू. तिच्या पितळी थाळीत हळदकुंकू होतं, नारळ होता, आणि पंचमीचा नैवेद्य, तंबिट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गुळातले लाडू. त्यांच्यात एक जरा काळपट, जरा मोठा.

"अज्जी," सुरुंगवाला अगदी गोड आवाजात म्हणाला, "हा लाडू कुठला?"

"खाली पडलेला होता रे वाटेत. कुणाच्या थाळीतून पडला असेल. देवाचा नैवेद्य, पायदळी जायला नको म्हणून उचलला." अज्जीनं डोळे बारीक केले. "तू सुटून आलास होय कोठडीतून? चांगलं झालं. बहीण कुठंय?"

हे बोलताना तिनं थाळी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली. नारळ गडगडला. तो काठावर जाऊन आपटला, परत फिरला आणि त्या काळ्या गोळ्याला टेकून थांबला.

मी मरणार हे मला इतकं स्पष्ट वाटलं की मला वडिलांचे निळे हात दिसले.

"अज्जी, स्वल्प थाळी दे माझ्याकडे. मी धरतो. तुला चढ जमायचा नाही."

"नारळ मीच फोडणार हं."

"सरी, अज्जी. तूच फोड."

त्यानं थाळी खालून दोन्ही तळव्यांवर घेतली. नारळ त्याच्या श्वासाबरोबर हलत होता. "स्वामी, नारळ उचला. वर. सरळ वर." मी टोपली खाली ठेवली आणि नारळ उचलला. मग त्यानं थाळी हळूच खाली टेकवली, तो गोळा काढला, वाळूत ठेवला, आणि मटकन खाली बसून लहान मुलासारखा रडला. अज्जी मला म्हणाली, "काय केलंत त्याला पोलिसांनी?"

दुपारी पथक आलं आणि त्यांनी सगळे गोळे खाणीच्या तळाशी नेऊन निकामी केले. पंचनामा झाला. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. जीव धोक्यात घालून जीव वाचवले, हे मी साक्षीत स्वतःहून सांगितलं, सरकारी वकील नाराज झाले तरी. त्याला शिक्षा झाली, पण जेवढी होऊ शकली असती तेवढी नाही.

त्या संध्याकाळी मॅडम म्हणत होत्या, "मी प्रत्येक झाड कुठलं, प्रत्येक पक्षी कुठून येतो हे विचारत बसले. माणसं कुठून येतात ते विचारलंच नाही." त्यांनी काम सोडलं नाही. बायकांनीच सोडू दिलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं ते साध्या शब्दांत सांगतो. बंदी घातली की माणसं थांबतात, असं सरकारी माणसाला वाटतं. माणसं थांबत नाहीत, दुसऱ्या वाटेनं जातात, आणि मग ती वाट कुणालाच ठाऊक नसते. सुरुंगवाल्याला वाटलं तारेच्या आत कुणी नाही. मला वाटलं फाटकावर माणसं उभी केली म्हणजे झालं. त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे पहिल्या दिवशी नकाशा नंतर पाहिला. आधी गावातल्या बायकांना विचारलं, कुठल्या दिवशी कुठे जाता. जंगलाचं असो, दंगलीचं असो, हे उपयोगी पडलं.

दुसरी गोष्ट भीतीची. गुन्हेगाराला स्वतःची भीती दाखवून बोलतं करता येतं असं आम्हाला शिकवलं होतं. तो माणूस स्वतःसाठी अखेरपर्यंत बोलला नसता.

पुढच्या काही वर्षांत मॅडमनी ती तार काढली. गुरांसाठी वेगळा चराऊ पट्टा ठेवला, नाचणीच्या शेतांभोवती गावानं खंदक खणला, राखणीची पाळी लावली. शिक्षा भोगून आल्यावर सुरुंगवाल्याला त्या राखणीवर घेतलं, ते गावानं ठरवून. हत्ती ओढ्याच्या जुन्या वाटेनं जायला लागले.

निवृत्तीनंतर मी तिथे गेलो होतो. टेकडीवर करंजाची सावली आहे. ओढ्यात उन्हाळ्यातही पाणी असतं. त्या दिवसानंतर तिथे एकही बॉम्ब लावला गेलेला नाही. पंचमीला बायका दूध घेऊन वर चढतात, आणि सगळ्या परत येतात.